जुन्या फोर बाय फोर जीपला दुसरं इंजिन टाकताय? या चुका टाळा

जुनी जीप घेतली की माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, भाऊ कोणतं इंजिन बसवू, आणि उत्तर ऐकायचं असतं हॉर्सपॉवरचं. मी उलटं विचारतो, गाडी कुठं चालवणार आणि मागं एक्सलमधलं क्राऊन-पिनियन, म्हणजे शाफ्टचा फेरा चाकांकडं वळवणारी दात्यांची जोडी, कोणतंय? बहुतेकांना दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसतं, आणि खरा घोळ तिथूनच सुरू होतो. इंजिन हे गाडीच्या बाकीच्या सामानाला शोभेल असं घ्यायचं असतं. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा डबा), दोन्ही एक्सल, रेडिएटर, ब्रेक, सगळे जुनेच राहणार आणि नवा पाहुणा एकटा येणार, त्यामुळं पाहुण्यानं घर बघून वागावं लागतं.

आमच्या चुलत्याची, आबांची, महिंद्राची एमएम ५४० जीप केज तालुक्यात रानावर आहे. तिच्यावर आम्ही जवळपास सगळ्या चुका करून बसलोय, पैसा आणि दोन हंगाम घालवलेत, म्हणून इतकं तळमळीनं लिहायलोय.

इंजिन गेलं हे कुणी ठरवलं?

धूर मारतंय, ओढत नाही, म्हणजे इंजिन संपलं असं नसतं. जालन्याकडच्या एका पाहुण्याची जीप काळा धूर सोडायची, चढाला दम टाकायची, गडी नवं इंजिन बघत मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारापर्यंत जाऊन आला. शेवटी नोझल साफ केले, पंप कॅलिब्रेशन केलं, टायमिंग बसवलं आणि गाडी सुरळीत झाली. काळा धूर म्हणजे बहुतेक वेळा डिझेल जास्त किंवा हवा कमी, आधी एअर क्लीनर उघडून बघा, आपल्याकडं ऊसतोडीच्या सीझनला फुफाटा इतका असतो की आठ दिवसात तो जाम होतो. निळा धूर असेल तर ऑइल जळतंय, तिथं रिंगा, बोअर, व्हॉल्व्ह गाईड बघावं लागतं. पांढरा धूर आणि पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केट किंवा हेड.

घरच्या घरी एक गोष्ट करता येते. इंजिन गरम करून आयडलला ठेवा, ऑइल टाकायचं झाकण काढून तिथंच उलटं ठेवा. झाकण जागेवर हलकं थरथरलं तर ठीक, उडून खाली पडायला लागलं तर खालून बॅक मारतंय, म्हणजे रिंग-पिस्टनमधून गॅस खाली येतोय. मग कॉम्प्रेशन गेज लावून चारी सिलेंडर बघा. चारी सारखेच कमी असतील तर झीज, एकच लई कमी असेल तर त्याच सिलेंडरचं दुखणं.

आणि बोअर करून, क्रँक ग्राइंड करून, हेडला फेसिंग मारून तेच इंजिन उभं राहत असेल तर तेच करा. माझं स्पष्ट मत आहे, दहातल्या निम्म्या गाड्यांना इंजिन बदलायची गरजच नसते. तेच इंजिन राहिलं की फौंडेशन (इंजिन चेसिसवर टेकतं ते ब्रॅकेट) तेच, बेल हाऊसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं कवच) तेच, आरसीवरचा नंबर तोच.

हॉर्सपॉवर बघून इंजिन घेणं

ही सगळ्यात मोठी चूक, त्यामुळं जरा सविस्तर सांगतो.

जुन्या सीजे टाइप जीपला ५.३८ चा एक्सल रेशो असायचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट ५.३८ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. तुमच्या गाडीला तोच असेल असं धरू नका, मधल्या मालकानं काय काय बदललंय सांगता येत नाही, मोजून घ्या. गाडी सपाट जागी लावायची, बाकीच्या चाकांना मोठे दगड लावायचे, कारण या जीपांचा हँडब्रेक चाकाला नसून ट्रान्सफर केसच्या मागं शाफ्टवर असतो आणि शाफ्ट फिरवायचा तर तो सोडावाच लागतो. ट्रान्सफर केस न्यूट्रल. मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवर टेकलेलं ठेवायचं. शाफ्टवर आणि टायरवर खडूनं खूण करायची आणि उचललेलं चाक बरोब्बर दोन फेरे फिरवायचं. एक चाक जागेवर असल्यानं डिफ्रन्शल अर्ध्यानं फिरतो, म्हणून दोन फेरे. तेवढ्यात शाफ्टचे जितके फेरे झाले तो तुमचा रेशो. पाच फेरे होऊन वर तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडं जास्त आलं तर ५.३८, सव्वाचारच्या वर आलं तर ४.२७ च्या आसपास.

मग टायरचा घेर. टायरवर आणि जमिनीवर खूण करून गाडी ढकलायची, एक फेरा झाला की टेपनं माप घ्यायचं. आबांच्या गाडीचं, ६.००-१६ टायरवर, सव्वादोन मीटर आलं.

आता हिशोब. एमडीआय ३२०० हे २५२३ सीसीचं डायरेक्ट इंजेक्शन इंजिन, नावातले ३२०० म्हणजेच त्याचे वरचे आरपीएम. टॉप गिअर सरळ म्हणजे वन टू वन धरला तर ३२०० भागिले ५.३८, चाक मिनिटाला साधारण ५९५ फेरे फिरणार, गुणिले सव्वादोन मीटर, म्हणजे तासाला ८० किलोमीटर. बस. त्यापुढं गव्हर्नर, म्हणजे आरपीएम आवरणारी यंत्रणा, सोडतच नाही. तेच जुनं प्युजोचं एक्सडीपी २११२ सीसीचं, लहान आहे पण ४५०० पर्यंत फिरतं, त्याच एक्सलवर कागदावर ११३ पर्यंत जातं. म्हणजे मोठं इंजिन बसवलं आणि हायवेला गाडी आधीपेक्षा हळू झाली, आणि मालक मिस्त्रीशी भांडायलाय. मिस्त्रीचं चुकलेलं नसतं, इंजिन कमी आरपीएमवर ओढणारं आहे आणि रेशो जास्त आरपीएमचा आहे एवढंच.

रानात, चिखलात, ट्रॉली ओढायला मात्र हीच जोडी सोन्यासारखी आहे, तिथं कुणाला ८० च्या वर जायचंय. म्हणून आधी ठरवा. बीड-सोलापूर रोडला रोज पळवायची असेल तर ४.२७ सारखा रेशो लागेल, तिथं तेच ३२०० आरपीएम तुम्हाला शंभरला पोचवतात. पण क्राऊन-पिनियन बदलायचं तर पुढचं आणि मागचं दोन्ही, सारख्या रेशोचं. फक्त मागचं बदलून लोक मोकळे होतात, टू व्हीलमध्ये काही कळत नाही, आणि ज्या दिवशी पावसात फोर बाय फोर टाकतात त्या दिवशी पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केस तुटतो.

जास्त टॉर्क पेलणार कोण?

आम्ही इथंच आपटलो. एका शहरातल्या गराजवाल्यानं आबांना कॉमन रेल टर्बो इंजिनची भुरळ घातली. २०१० ला आलेल्या थार सीआरडीईचं उदाहरण घ्या, २४९८ सीसी, १०५ हॉर्सपॉवर, २४७ एनएम. आकडे बघून कुणाचंही मन होईल. पण तो टॉर्क जुन्या सांगाड्यात जातो तेव्हा काय होतं बघा. टी-९० तीन गिअरच्या बॉक्सचा पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसच्या लो गिअरचा रेशो २.४६, एक्सल ५.३८, तिन्हीचा गुणाकार ३७. जुन्या डिझेलचा टॉर्क हिशोबाला १२० धरला तरी एक्सलवर साडेचार हजाराच्या आत राहतो. २४७ टाकला की नऊ हजाराच्या वर.

कोरड्या रस्त्यावर काही होत नाही. आमचं झालं काळ्या रानात, मृगाचा पाऊस पडून गेलेला, मागं ट्रॉली, चाक घसरत फिरत होतं आणि अचानक खाली मुरुमाला लागून धरलं. बंदुकीसारखा आवाज आला. एक्सल शाफ्ट मधून पिळवटून तुटला होता, तुटलेलं टोक हातात घेतलं तर जिलबीसारखा पीळ दिसत होता. त्याच्याआधी गिअरबॉक्सच्या इनपुटचं बेरिंग एकदा जाऊन बसलंच होतं.

दुसरं म्हणजे त्या इंजिनला ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, सेन्सर, त्याच गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर पेडल, आणि चावीचा इमोबिलायझर असेल तर तो पण जुळवावा लागतो. एक वायर उंदरानं कुरतडली की गाडी वाटेत दम सोडते, आणि स्कॅनर घेऊन गावात कोण येणार? डिझेलही आपण कॅनमधून, ड्रममधून टाकतो, त्यात पाणी-कचरा आला की कॉमन रेलचे इंजेक्टर गेले. मेकॅनिकल पंपाच्या इंजिनला पाण्याचा त्रास होतोच, पण तालुक्याच्या गावात पंपवाला मिळतो. घर गाठता येईल असं इंजिन घ्या, हे मी रानात राहणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. आम्ही शेवटी मेकॅनिकल पंपाचं २५२३ सीसी बसवलं. त्याला थंडीत हीटर प्लगची पण वाट बघावी लागत नाही, एक्सडीपीला ती बघावी लागायची.

मापं न घेता इंजिन उतरवणं

इंजिन बोनेटखाली बसतंय एवढं बघून लोक खूष होतात. फोर बाय फोरमध्ये खाली पुढचा एक्सल आहे हे विसरतात. चेंबर, म्हणजे ऑइलची टाकी, आणि पुढचा डिफ्रन्शल यांच्यात गाडी उभी असताना जागा दिसते, पण एका चाकाखाली मोठा दगड आला की एक्सल वर येतो आणि चेंबरला ठोकतो. म्हणून फौंडेशन वेल्डिंग करायच्या आधी पुढचा एक्सल जॅकनं बंपस्टॉपला (एक्सलला वर अडवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत वर घेऊन बघा. आणि या जीपांमध्ये पुढचा डिफ्रन्शल उजव्या बाजूला असतो, शाफ्ट तिकडून जातो, आपलं स्टीअरिंगही उजवीकडंच, त्यामुळं त्या बाजूला एक्झॉस्ट किंवा टर्बो येणारं इंजिन असेल तर लई दाटी होते. जागा करायला इंजिन वर किंवा मागं सरकवलं की शाफ्टचे कोन बदलतात आणि क्रॉस (शाफ्टचे सांधे) लवकर जातात.

नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडणारी अ‍ॅडॉप्टर प्लेट लेथवाल्याकडून करून घेताना भोकं जुळली म्हणजे झालं असं समजू नका. क्रँकचा आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा सेंटर एक पाहिजे. डायल गेज फ्लायव्हीलला लावून बेल हाऊसिंगच्या बोअरमध्ये सुई फिरवून बघायची, पाच थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत आली पाहिजे. आमच्या पहिल्या मिस्त्रीनं गेज लावलंच नाही, बेरिंग गेलं ते त्यानंच. स्पायगॉट बेरिंग (क्रँकच्या टोकात इनपुट शाफ्टला आधार देणारं) नव्या जोडणीच्या मापाचं बसवा, जुनं ठोकून बसवू नका.

उन्हाळ्याचा विचार हिवाळ्यात करा

आपल्याकडं परभणी, नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. दिवाळीत बसवलेलं इंजिन मार्चपर्यंत गुणी असतं आणि मे महिन्यात मांजरसुंब्याच्या घाटात काटा लालमध्ये. रेडिएटर इंजिनच्या मापाचा घ्या, गाडीच्या मापाचा नको. फॅनभोवती काऊल, म्हणजे हवा बांधून ठेवणारं कडं, पाहिजेच. हळू चालत ओढताना समोरून वारा नसतो, सगळी हवा फॅनच ओढतो, आणि काऊल नसेल तर फॅन तीच गरम हवा गोल गोल फिरवतो. थर्मोस्टॅट काढून टाकणं हा इलाज नाही.

कटिंगच्या गाडीचं इंजिन आणि कागद

कटिंगची म्हणजे मोडीत काढलेली गाडी. बाजार कुर्ल्याचा असो की दिल्लीच्या मायापुरीचा, इंजिन चालू करून दाखवत असेल तरच घ्या, तेही थंड असताना. आपण जायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर संशय घ्या. डिपस्टिक बघा, ऑइल दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय. टर्बो असेल तर पाइप काढून शाफ्ट बोटानं हलवा, किंचित खेळ चालतो, पण पंखा बॉडीला घासत असेल तर सोडून द्या. स्टार्टर, अल्टरनेटर, पंप, फ्लायव्हील, बेल हाऊसिंग, शक्य असेल तर मागचा गिअरबॉक्स पण त्याच गाडीचा उचला, नंतर एकेक गोळा करण्यात जीव जातो. आणि ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची कॉपी, चेसिस नंबर, बिल, हे नसेल तर कितीही स्वस्त असलं तरी हात लावू नका. नंबर घासलेला दिसला तर तिथून निघा.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी आधी घ्यायची असते, आणि बदल झाल्यावर १४ दिवसात कळवून आरसीवर नोंद करायची. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती लागते. सुप्रीम कोर्टानं पण जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. त्यामुळं त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन सोपं, आणि दुसऱ्या मॉडेलचं किंवा पेट्रोलचं डिझेल करायचं असेल तर आधी आरटीओत जाऊन विचारा, मग इंजिनला पैसे द्या. लोक उलटं करतात. १५ वर्षांनी पासिंग रिन्यू करायला गाडी नेली की इंजिन नंबर जुळत नाही आणि तिथं अडकतात. अपघात झाला तर इन्शुरन्सवालाही तेच धरतो.

पेट्रोल काढून डिझेल टाकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, ब्रेक बूस्टर पेट्रोल इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो, डिझेलला तो मिळत नाही, व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर लागतो. लष्कराच्या डिस्पोजलची गाडी असेल तर वायरिंग २४ व्होल्टची आहे का ते बघा. आणि डिझेल जड, पुढचे पाटे (स्प्रिंगा) बसतात.

बसवून झालं की लगेच ट्रॉली लावू नका. पहिले पाचशे किलोमीटर रिकामी चालवा, मग ऑइल-फिल्टर बदला, फौंडेशनचे आणि बेल हाऊसिंगचे बोल्ट परत आवळा, क्रॉसला ग्रीस मारा, गाडीखाली झोपून चेंबरवर एक्सल लागल्याची चमक दिसते का बघा. आबांच्या गाडीला ती चमक दिसली होती, रुपयाएवढी. फौंडेशनखाली अर्ध्या इंचाची पट्टी टाकली, शाफ्टचे कोन परत तपासले, त्यानंतर आजपर्यंत लागलेलं नाही.