१ जानेवारी १९७०ची टॉवर साइट

टेलिकॉम सिक्युरिटीत नव्याने येणाऱ्यांना मी पहिल्यांदा एका घड्याळाची गोष्ट सांगतो.

नवी फोर-जी साइट चालू व्हायची होती. बेस स्टेशन (टॉवर साइटवरचं, फोनशी बोलणारं यंत्र) स्वतःच प्रमाणपत्र (डिजिटल ओळखपत्र) मागून घेणार, आयपीसेक टनल, म्हणजे मुख्य नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित मार्ग, उभा करणार, आम्ही फक्त बघायचं. टनल काही येईना. लॉग म्हणे, प्रमाणपत्र 'अजून वैध नाही'. तीन तास मी सर्टिफिकेट सर्व्हरच उलटासुलटा केला. वर टॉवरवर उपाशी रिगर (टॉवरवर चढून काम करणारा) दर दहा मिनिटांनी फोन करी, "साहेब, उतरू का?" शेवटी बेस स्टेशनची तारीख बघितली: १ जानेवारी १९७०, वेळ न मिळालेलं घड्याळ बहुधा इथूनच सुरू होतं. वेळ देणाऱ्या जीपीएसची केबल सैल होती आणि वेळ देणारा सर्व्हर टनलच्या पलीकडे! रिगरने कनेक्टर आवळला, काही मिनिटांत टनल आला.

दुसरी चूक जास्त महागात पडली. थ्रीजीपीपी या मोबाइल मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या रिलीज ८पासून एलटीईचं (फोर-जीचं) बेस स्टेशन आपले शेजारी आपणच शोधतं. फोन कळवतो, अमुक नंबरचा सेल (बेस स्टेशनचा एक सिग्नल-पट्टा) ऐकू येतोय. असे नंबर ५०४च, म्हणजे ते पुन्हापुन्हा वापरले जाणारच. म्हणून फोनलाच त्या सेलची पूर्ण ओळख वाचायला लावतात. मग एमएमई या मुख्य नेटवर्कमधल्या नियंत्रकामार्फत पत्ता मिळवून एक्स२, म्हणजे दोन बेस स्टेशनांमधली थेट जोडणी होते. आणि आमचे फायरवॉलचे नियम? हाताने टाकलेल्या आयपी पत्त्यांचे. नवा शेजारी जुळला की जोडणी अडायची. हँडओव्हर (चालू कॉल दुसऱ्या सेलकडे सोपवणं) एस१वरून, म्हणजे मुख्य नेटवर्ककडे जाणाऱ्या जोडणीवरून, वळसा घालून व्हायचे, कॉल तुटायचे नाहीत, त्यामुळे तक्रारही नाही. मी महिनाभर ते अलार्म किरकोळ म्हणून बाजूला सारले. पुढे नियम बदलला: पत्ता कुठलाही असो, आपल्या सीएचं (प्रमाणपत्रं देणाऱ्या यंत्रणेचं) प्रमाणपत्र दाखवेल त्यालाच वाट.

पण म्हणून शेजाऱ्यांची यादी डोळे मिटून मान्य करू नका. सेल हवेत प्रक्षेपित करतो त्या माहितीवर सही नसते, खोटा सेलही यादीत शिरू शकतो. यादीत प्रत्येक शेजाऱ्यापुढे तीन खुणा असतात: नो रिमूव्ह (यादीतून काढू नको), नो एचओ (त्याच्याकडे हँडओव्हर नको), नो एक्स२ (एक्स२ जोडणी नको). मुलाखतीत मी त्याच विचारतो. बहुतेकांना फक्त पहिली आठवते. संशयित सेलला मी आधी नो एचओ लावतो, मग चौकशी.

वाचायला थ्रीजीपीपीचं फोर-जी सुरक्षेचं मानक टीएस ३३.४०१ आणि प्रमाणपत्रांसाठी ३३.३१०. फाइव्ह-जीचं ३३.५०१ नंतर. त्याआधी वायरशार्क या पॅकेट बघण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक आयकेई (आयपीसेक टनल उभारतानाची) देवाणघेवाण पहिल्या पॅकेटपासून बघा, अर्धवट तुटलेली मिळाली तर उत्तमच.