एचआर सर्टिफिकेशन: अर्जापासून नूतनीकरणापर्यंत या चुका टाळा

लोटे, महाड, रोहा पट्ट्यातल्या कारखान्यांत मस्टर, पीएफ आणि ठेकेदारांची बिलं सांभाळून लोक एचआरच्या परीक्षेचा अभ्यास करतात. एवढे कष्ट करून सर्टिफिकेट हुकतं ते बऱ्याचदा अर्जातल्या नावामुळे, चुकीच्या तारखेमुळे किंवा सर्टिफिकेट टिकवण्यासाठी लागणारी क्रेडिट, म्हणजे प्रशिक्षण वगैरेंतून मिळणारे गुण, नंतर न जमवल्यामुळे. हे सगळं टाळता येण्यासारखं आहे.

आधी परीक्षा नीट निवडा. एचआरसीआय आणि एसएचआरएम या सर्टिफिकेट देणाऱ्या दोन अमेरिकी संस्था. एचआरसीआयच्या पीएचआर परीक्षेत अमेरिकी कामगार कायद्यावर भर असतो, तो आपल्याकडे उपयोगाचा नाही. इथे काम करणाऱ्यांसाठी त्यांचीच पीएचआरआय ही आंतरराष्ट्रीय परीक्षा आहे. त्यासाठी पदव्युत्तर पदवी असल्यास १, पदवी असल्यास २ आणि पदवी नसल्यास ४ वर्षांचा एचआरमधला व्यावसायिक पातळीवरचा अनुभव लागतो. टाइम ऑफिसमध्ये नुसती हजेरी चढवली असेल, तर ती वर्षं त्यात धरू नका. आणखी एक गैरसमज काढून टाका: कारखान्यातल्या कामगार कल्याण अधिकाऱ्याच्या पदासाठी कायद्याने ठरलेली पात्रता वेगळी असते. या सर्टिफिकेटने ती भरून निघत नाही.

नावाचा घोळ सगळ्यात महाग पडतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर बदललेलं आडनाव एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्रावरचं नाव नोंदणीतल्या नावाशी जुळलं नाही, तर आत घेत नाहीत. म्हणून पासपोर्ट समोर ठेवूनच अर्ज भरा, स्पेलिंगसकट. त्याची मुदतही तेव्हाच बघून घ्या.

तारीख निवडताना पाऊस विसरू नका. एसएचआरएमच्या परीक्षेची एक खिडकी, म्हणजे परीक्षा देता येण्याचा काळ, १ मे ते १५ जुलै, दुसरी १ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी अशी असते. पहिल्या खिडकीत मे महिन्यातच तारीख घ्या. जूनमध्ये कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर जाते, घाटात दरडीची भीती असते, आणि घरून ऑनलाइन द्यायची म्हटलं तर वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. शक्यतो मुंबई-पुण्याचं केंद्र घ्या आणि आदल्या दिवशीच मुक्कामाला जा.

एसएचआरएमच्या एसएचआरएम-सीपी या परीक्षेच्या पेपरात प्रसंग देऊन विचारलेले प्रश्न बरेच असतात. तिथे 'आमच्या कंपनीत साहेबांना विचारतो' या सवयीचं उत्तर चालत नाही. चारही पर्याय बरे वाटतात. त्यातला सर्वात परिणामकारक निवडायचा असतो. नुसत्या व्याख्या पाठ करणारे इथेच अडकतात.

पास झाल्यावर लोक निवांत होतात, आणि खरी गडबड तिथून सुरू होते. सर्टिफिकेटचं नूतनीकरण करायला दोन्ही संस्थांकडे ३ वर्षांत ६० क्रेडिट लागतात. एसएचआरएमचं हे ३ वर्षांचं चक्र तुमच्या जन्ममहिन्याच्या शेवटच्या दिवशी संपतं, परीक्षेच्या तारखेला नाही. एचआरसीआयच्या ६० पैकी किमान १ क्रेडिट नीतिमत्तेचं हवं. एसपीएचआरआय (त्यांचंच वरिष्ठ पातळीचं सर्टिफिकेट) असेल तर १५ व्यवसायविषयक हवीत. तिसऱ्या वर्षी एकदम साठ क्रेडिट जमवणं नोकरी सांभाळून जमत नाही. वर्षाला वीसचा हिशोब ठेवा.

रोजच्या कामाचे क्रेडिट मिळत नाहीत. दर महिन्याचा पगार काढणं त्यात बसत नाही. पण कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती कंपनीत पहिल्यांदाच तुम्ही उभी केली, धोरण लिहिलं, सदस्यांचं प्रशिक्षण घेतलं, तर एचआरसीआयकडे ते नवं काम म्हणून दाखवता येतं. त्यासाठी धोरणाची प्रत, समितीच्या नेमणुकीचा आदेश आणि तारखा जपून ठेवा. नोंदींची तपासणी कुणाचीही होऊ शकते. वेबिनारचं प्रमाणपत्र आलं नसेल तर त्याच आठवड्यात आयोजकांकडे मागा. त्यावर तुमचं नाव, विषय, तारीख आणि तास हवेत. वर्षभराने मागितलं तर बऱ्याचदा मिळत नाही.