जेसन कॉन्फिगमध्ये कॉमेंट टाकताय? या चुका टाळा

कॉन्फिगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये, टाइमआउट 30 चा 90 केला तर तो का केला हे तिथंच शेजारी लिहून ठेवावं असं वाटतं आणि ते बरोबरच आहे, नाहीतर पुढच्या माणसाला काहीच कळत नाही आणि तो परत 30 करून टाकतो. अडचण एवढीच की जेसनमध्ये (JSON, माहिती नाव-व्हॅल्यूच्या जोड्यांत लिहायचा फॉरमॅट) कॉमेंट नाहीच. जेसन आणणाऱ्या डग्लस क्रॉकफर्ड यांनी ती मुद्दाम काढली, कारण लोक कॉमेंटमध्ये पार्सरसाठी, म्हणजे फाइल वाचणाऱ्या कोडसाठी, सूचना लिहायला लागले होते, आणि तसं चालू राहिलं असतं तर एकच फाइल दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं वाचली गेली असती. जेसनचं अधिकृत मानक असलेल्या आरएफसी 8259 मध्येही कॉमेंटला जागा नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एडिटरवर विश्वास ठेवणं. व्हीएस कोडची स्वतःची सेटिंग्जची फाइल आणि टाइपस्क्रिप्टची टीएसकॉन्फिग, दोन्हीत // लिहून कॉमेंट चालते, म्हणून जावास्क्रिप्ट प्रोजेक्टच्या पॅकेज.जेसनमध्येही चालेल असं लोक धरून चालतात आणि ती फाइल वाचणारं, पॅकेजेस बसवणारं टूल एनपीएम अडतं. मग कुणीतरी फाइलचा मोड 'जेसन विथ कॉमेंट्स' करतं, लाल रेघा जातात आणि वाटतं झालं काम, पण रेघा फक्त एडिटरमधल्या गेल्या, फाइल वाचणारा प्रोग्रॅम तोच आहे ना! म्हणून आधी हे बघा की फाइल कोण वाचतं, आणि कुठलं टूल ती परत लिहितं का.

दुसरा मार्ग म्हणजे कॉमेंटसाठी एक खोटी 'की' (जोडीतलं नाव) टाकायची. हे कधी चालतं कधी नाही. पॅकेज.जेसनमध्ये अगदी वरच्या लेव्हलला "//" नावाची की एनपीएमनं मोकळी सोडलीये, ती बिनधास्त वापरा, पण तीच डिपेन्डन्सीजच्या (लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीच्या) आत टाकली तर एनपीएम तिला पॅकेजचं नाव समजतं आणि एरर देतं. डॉकरच्या डीमन.जेसनमध्ये अनोळखी की सापडली तर डीमन, म्हणजे मागं चालणारा डॉकरचा मुख्य प्रोग्रॅम, सुरूच होत नाही, आणि हे कळतं पुढच्या रिस्टार्टला, म्हणजे नको त्या वेळी. शिवाय एकाच लेव्हलला तीच की दोनदा लिहू नका, बहुतेक पार्सर शेवटची तेवढी ठेवतात, आणि टूलनं फाइल परत सेव्ह केली की आधीची कॉमेंट गुपचूप गायब.

स्वतः रेजेक्स (मजकुरातला पॅटर्न शोधायचं सूत्र) लिहून // पासून पुढचं उडवणं हा तर हमखास घात आहे. फाइलमध्ये "एचटीटीपीएस://" ने सुरू होणारा पत्ता असला की त्यातलं // पण कॉमेंट समजून कापलं जातं, मागं उरतं "एचटीटीपीएस: आणि शेवटचं अवतरण चिन्हच नाही, त्यामुळे एरर येते ती न संपलेल्या स्ट्रिंगची आणि आपण भलतंच शोधत बसतो. स्ट्रिंगच्या आत आहोत की बाहेर हे रेजेक्सला कळत नाही, त्यासाठी जेसनसी किंवा जेसन5 (कॉमेंट चालणारी जेसनची रूपं) ची तयार लायब्ररीच घ्या.

प्रोग्रॅम तुमचाच असेल तर सरळ जेसन5, नाहीतर कॉमेंट चालणारे यामल (YAML) किंवा टॉमल (TOML) हे फॉरमॅट वापरा, उगाच जेसनशी कुस्ती कशाला. दुसऱ्याचं टूल असेल तर कॉमेंटवाली मूळ फाइल वेगळी ठेवा आणि बिल्डच्या वेळी त्यातून साफ जेसन तयार करा, मात्र तयार झालेल्या फाइलला हात लावायचा नाही हे टीममध्ये सगळ्यांना माहीत हवं. एवढा खटाटोप नको असेल तर शेजारी रीडमी ठेवा.

ज्या फाइल्समध्ये # लिहून कॉमेंट चालते त्यांनाही एक खोच आहे. 'डॉकर रन' कमांडला एन्व्ह फाइल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची यादी) दिली की ओळीच्या सुरुवातीचा # कॉमेंट धरला जातो, पण व्हॅल्यूनंतर त्याच ओळीत # टाकून काही लिहिलंत तर ते सगळं व्हॅल्यूचाच भाग होतं. पासवर्ड बरोबर टाकूनही लॉगिन होत नसेल तर ही ओळ आधी बघा. जावाच्या प्रॉपर्टीज फाइलमध्येही तेच.

आणि जेसन वाचताना पायथननं "प्रॉपर्टीचं नाव डबल कोट्समध्ये हवं" अशी तक्रार केली तर त्यात कॉमेंटचं नावही नसतं, पण दिलेल्या ओळीवर बहुतेक वेळा // नाहीतर, पायथन 3.13 च्या आधीचं असेल तर, त्याच्या आसपास शेवटचा जास्तीचा स्वल्पविराम सापडतो. शेवटची ओळ कॉमेंट करून बंद केली की वरच्या ओळीचा स्वल्पविराम लटकत राहतो, तोही काढा.