‘ओपन द लाइट’ : चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवताना

चिनी मातृभाषेचा विद्यार्थी ‘ओपन द लाइट’, ‘क्लोज द टीव्ही’ म्हणाला, तर तो निष्काळजी आहे असं समजू नका. मँडरिनमध्ये ‘खाय’ हे एकच क्रियापद दार उघडायला, दिवा लावायला आणि गाडी चालवायलाही चालतं. बंद करायला ‘क्वान’, मग ते दार असो की दिवा. (आपणही ‘दिवा लाव’ आणि ‘दार लाव’ म्हणतो आणि दोन्हींचा परिणाम उलटा होतो, तेव्हा हसायला फार जागा नाही.)

त्याला विचारायला सांगा : वस्तू उघडतेय की सुरू होतेय? दार, डबा, डोळे, पुस्तक उघडतात, तिथे ‘ओपन’. दिवा, पंखा, एसी, टीव्ही सुरू होतात, तिथे ‘टर्न ऑन’, बंद करताना ‘टर्न ऑफ’.

खरी गल्लत होते ती फोन-कॉम्प्युटरपाशी. फोन ‘टर्न ऑन’ करायचा, पण त्यातलं अ‍ॅप किंवा फाइल मात्र ‘ओपन’. ‘ओपन द कॉम्प्युटर’ म्हटलं, तर ऐकणारा स्क्रू-ड्रायव्हर शोधायला जाईल! गाडीचं ‘ओपन’ म्हणजे तिचं दार उघडणं. चालवायला ‘ड्राइव्ह’च हवं.

एवढं जमलं की सर्वनामाकडे वळा. ‘टर्न ऑन द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑन’ दोन्ही बरोबर, पण ‘इट’ आलं की ते मध्येच बसतं : ‘टर्न इट ऑन’. ‘टर्न ऑन इट’ चूक. हे समजावण्यापेक्षा वर्गातल्या पंख्याचं बटण दाबत, मोठ्याने म्हणवून घ्या.