भूजल दूषित असेल तर घरातली हवा तपासा

पिण्याचं पाणी शुद्ध आहे म्हणून घरातली हवाही ठीक असेल असं नाही. ड्रायक्लीनिंगमधलं पर्क्लोरोएथिलीन, धातूचे भाग धुण्याचं ट्रायक्लोरोएथिलीन किंवा गळक्या टाकीतल्या पेट्रोलमधलं बेंझीन भूजलात उतरलं, की त्याची वाफ मातीतून वर चढते आणि फरशीच्या फटींतून घरात शिरते. नाकावर भरवसा ठेवू नका. ट्रायक्लोरोएथिलीनचा वास यायला लागतो तेव्हा प्रमाण धोक्याच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं. घरात कोणी गरोदर असेल तर तपासणी अजिबात लांबवू नका.

हवेचा नमुना निर्वात स्टीलच्या डब्यात 24 तास हळूहळू भरतात. त्याआधी एक-दोन दिवस रंग, थिनर, गोंद, ड्रायक्लीन केलेले कपडे घराबाहेर ठेवा, नाहीतर अहवालात कपाटातलीच वाफ दिसेल. एकाच वेळी तीन नमुने लागतात: घरातला, बाहेरचा आणि फरशीला भोक पाडून खालचा. खाली काही नाही पण घरात आहे, तर उगम बहुधा घरातच किंवा बाहेरच्या हवेत. खाली भरपूर असेल, तर घरातला आकडा कमी आला तरी निर्धास्त होऊ नका. थंडीत दारं-खिडक्या बंद करून पुन्हा मोजा.

तोवर फटी आणि पाइपांभोवतीच्या जागा पॉलियुरेथेन सीलंटने बुजवा. न वापरलेल्या नहाणी ट्रॅपमध्ये पाणी ओता. तो कोरडा पडला की वाफेला सरळ वाट मिळते. खिडक्या बंद ठेवून एक्झॉस्ट फॅन मात्र लावू नका, तो जमिनीखालची हवाच आत ओढतो. साधा हेपा फिल्टर (धुळीचे बारीक कण गाळणारा) वाफ अडवत नाही, त्यासाठी भरपूर सक्रिय कोळसा लागतो. घरात त्याच भूजलाचं पाणी वापरत असाल तर उकळून उपयोग नाही, विष स्वयंपाकघराच्या हवेत येतं; गरम शॉवरचंही तेच.

नुसतं सीलंट पुरत नाही. खात्रीचा उपाय म्हणजे फरशीखालची हवा सतत ओढून घेणं. फरशीला भोक पाडून खाली छोटा खड्डा करतात आणि त्यातून 3 ते 4 इंची पीव्हीसी पाइप छताच्या वर नेतात. हवा ओढणारा पंखा याच पाइपावर, पण राहत्या खोल्यांच्या बाहेरच हवा, कारण त्याच्या पुढचा सांधा गळला तर वाफ थेट घरात. पाइपाला जमिनीकडे उतार द्या, नाहीतर आत साचलेलं पाणी हवेची वाट अडवतं. पाइपाचं वरचं तोंड खिडक्यांपासून निदान 10 फूट लांब ठेवा. पाइपावर यू-आकाराची द्रवनळी बसवून घ्या: दोन्ही बाजूंची पातळी सारखी दिसली, की ओढ थांबली आहे आणि पंखा बघायला हवा.