राखणदार, पहारेकरी की वॉचमन? या चुका टाळा

माझ्या चुलतभावानं काकांना मेसेज टाकला, "काळजी करू नका, घराची राख करायला माणूस ठेवलाय." राखणमधला ण टाईप करताना राहिला आणि काकांचा लगेच फोन, अरे आधी विमा तरी उतरव! हसण्यावारी गेलं, पण राखणदार, पहारेकरी, वॉचमन हे शब्द वापरताना लोक यापेक्षा मोठे घोळ घालतात आणि तिथं कीबोर्डचा काही दोष नसतो.

पहिली गोष्ट, हे सगळे एकच नाहीत. राखणदार म्हणजे जे आहे ते कुणी नेऊ नये, नासू नये म्हणून तिथं असणारा माणूस. शेत, बाग, बंद पडलेला वाडा, काहीही असो. मूळ धातू राखणे, म्हणजे संस्कृतातला रक्ष्, आणि शेवटचा 'दार' फारसीतून आलेला, त्याचा घराच्या दाराशी संबंध नाही (मी लहानपणी समजायचो दारात बसतो म्हणून राखणदार). हाच दार जमीनदारात आहे, किल्लेदारात आहे. गुरं राखतो तो गुराखी, तोही याच घरातला.

पहारेकरी वेगळा. पहारा आला प्रहरावरून, दिवसरात्र मिळून ८ प्रहर, एकेक ३ तासांचा, त्यामुळे या शब्दात पाळी आणि बदली आधीपासूनच आहे, एकाची वेळ संपली की दुसरा उभा. राखणदार एकटाच वर्षानुवर्षं असू शकतो. म्हणून तिजोरीवर पहारेकरी आणि आमराईला राखणदार. आमराईवर पहारेकरी नेमला असं लिहिलं तर चुकत नाही, पण वाचताना उगाच बंदुका दिसायला लागतात.

क्रियापदात तर हमखास गडबड. राखण करतात, पहारा देतात, गस्त घालतात. पहारा ठेवतो किंवा बसवतो तो मालक, देतो तो पहारेकरी. पहारा एका जागी उभं राहूनही होतो, गस्तीला मात्र फिरावंच लागतं. आणि पाळत! "या आवारात वॉचमन २४ तास पाळत ठेवतो" असा बोर्ड मी स्वतः वाचलाय. अहो, पाळत गुपचूप ठेवतात, माणसावर, त्याच्या येण्याजाण्यावर. हा बोर्ड वाचून चोर घाबरो न घाबरो, राहणारे नक्की घाबरतील. तिथं नुसतं "२४ तास पहारा" पुरतं.

आता लिहिण्यातली चूक, जी मला सगळ्यात जास्त खुपते. पहारेकरीला, पहारेकरीने असं लिहू नका. शेतकरी शेतकऱ्याला, तसंच पहारेकरी पहारेकऱ्याला, पहारेकऱ्यांनी. अनेकवचन मात्र तसंच राहतं, चार पहारेकरी. आणि पहारेकर्याला असा डोक्यावर रफार नको, अर्धा र हवा. साधा र, हलन्त आणि य दिला की रफार वर जाऊन बसतो, त्याऐवजी खाली टिंब असलेला ऱ घ्या, मग हलन्त आणि य, काम झालं. वाटतं तेवढं किरकोळ नाहीये हे, आचार्यांना बोलावलं तर गुरुजी येतात आणि आचाऱ्यांना बोलावलं तर स्वयंपाकी.

इंग्रजीवरून शब्द उचलतानाही सांभाळा. केअरटेकर म्हणजे नुसता राखणदार नाही, तो नळ गळतोय का, लाईट चालू आहे का हेही बघतो, मग जाहिरातीत राखणदार पाहिजे लिहायचं आणि आल्यावर त्याच्याकडून झाडलोट करून घ्यायची हे बरोबर नाही. लहान मुलाचा गार्डियन म्हणजे पालक, राखणदार नव्हे. गुरखा हा शब्द तर कुठल्याही वॉचमनला चिकटवू नका, तो नेपाळच्या गोरखावरून आलाय, नोकरीचं नाव नाही ते. वॉचमन चालतो, बिनधास्त वापरा, मराठीत मुरलाय तो. सुरक्षारक्षक जोडून लिहा, त्यात रक्ष् दोनदा आलाय खरा पण आता रुळलाय शब्द.

जागल्या हा माझा आवडता. रात्री जागून राखण करणारा, पिकाच्या जागलीला जाणारा. पण हल्ली पेपरात आतली भानगड बाहेर काढणाऱ्यालाही जागल्याच म्हणतात, त्यामुळे "आमच्या कंपनीत जागल्या आहे" म्हणालात तर साहेब दचकतील.

राखणदारानंच हात मारला तर लोक पटकन म्हणतात "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या". ती म्हण तिथली नाही. चोर आहे हे दिसत असून किल्ल्या दिल्यात, तेव्हा ती. विश्वासानं नेमलेल्यानंच खाल्लं असेल तर कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं. एकीत शिव्या किल्ल्या देणाऱ्याला बसतात, दुसरीत कुंपणाला.