जुनं स्टीलचं स्पोर्ट्स घड्याळ घेताना

1972 साली जेराल्ड जेंटानं आरेखलेलं ऑडेमार पिगे या स्विस कंपनीचं रॉयल ओक घड्याळ बाजारात आलं, तेव्हा स्टीलचं असूनही ते सोन्याच्या कित्येक घड्याळांपेक्षा महाग होतं. पैसे होते ते कारागिरीचे: ब्रश केलेला, म्हणजे बारीक रेघांचा, सपाट भाग आणि त्याला लागून चकाकणारी तिरकी कड. संग्राहक आजही त्या कडेसाठी पैसे मोजतो, आणि बफ मारला, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकाकवलं, की तीच कड झिजते. त्यामुळे आरशासारखं लखलखणारं पन्नास वर्षांचं घड्याळ दिसलं की आधी शंका घ्यावी.

मुंबईत बफ मारून देणारे पुष्कळ. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर घ्या नाहीतर ओळखीतून, दहा पट मोठं दाखवणारं भिंग खिशात हवंच. रोलेक्सच्या सबमरिनर 5513 सारख्या घड्याळात लगना, म्हणजे पट्टा धरणाऱ्या चार टोकांना, आरपार भोकं असतात. भोकापासून लगच्या कडेपर्यंत किती धातू उरलाय ते चारही ठिकाणी ताडून बघा. बफिंगनं लग झिजले की भोक कडेला सरकल्यासारखं दिसतं आणि एक लग दुसऱ्यापेक्षा बारीक होतो. रॉयल ओकच्या बेझेलवरच्या (काचेभोवतीच्या कड्यावरच्या) आठ स्क्रूंच्या खाचा वर्तुळाच्या रेषेतच असतात, कारण षटकोनी डोकी खोबणीत बसतात, फिरत नाहीत. वाकड्यातिकड्या दिसल्या तर घड्याळ खाली ठेवा.

खरी किंमत मात्र डायलची, म्हणजे तबकडीची. पुन्हा रंगवलेल्या डायलमुळे परदेशी संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाक मुरडतात, आणि ते चुकीचं नाही. भिंगाखाली अक्षरांच्या कडा पसरलेल्या, मिनिटांच्या रेषा कमी-जास्त जाडीच्या दिसल्या, तर रीडायल समजा. ट्रिटियमच्या (अंधारात चमकण्यासाठी लावलेल्या किरणोत्सर्गी पदार्थाच्या) स्विस डायलवर सहाच्या खाली ‘स्विस’सोबत सहसा ‘टी’ हे अक्षर असतं; रंगवणारा बरेचदा तेच विसरतो.

आता अंधारात जा. मोबाइलचा टॉर्च दहा सेकंद मारून बंद करा. ट्रिटियम सुमारे 12.3 वर्षांत निम्मा होतो, त्यामुळे सत्तरच्या दशकातली डायल क्षणभर उजळली तरी लगेच विझते. डायल विझली आणि काटे मात्र मिनिटभर चमकत राहिले, तर काटे बदललेत किंवा पुन्हा भरलेत. 1960 च्या आधीच्या घड्याळात चमकण्यासाठी रेडियम लावलेलं असू शकतं. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, म्हणून ते घरी उघडू नका.

रोलेक्सचा पट्टा काढायला लावा. सहाच्या बाजूला लगांमध्ये सिरियल नंबर, बाराच्या बाजूला मॉडेल नंबर. खरे आकडे खोल आणि धारदार असतात, वाळूनं घासल्यासारखे ठिपके ठिपके नाहीत. विक्रेता पट्टा काढू देत नसेल तर व्यवहार तिथेच संपला.

मशीन शेवटी, कारण ते दुरुस्त होतं. पूर्ण चावी देऊन टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवा. डायल वर असताना अॅम्प्लिट्यूड, म्हणजे आतल्या बॅलन्स चाकाचा झोका, 250 अंशांच्या पुढे असेल तर ठीक. 200 च्या खाली गेला तर बहुधा तेल सुकलंय, सर्व्हिसचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

आणि डायलवर लिहिलेल्या खोलीवर विश्वास ठेवून पावसात घालू नका. गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं, जुनं झालं की कडक होतं. नवं गॅस्केट बसवून प्रेशर टेस्ट करून घ्या. काचेआड वाफ दिसलीच, तर तांदळात ठेवत बसू नका. घड्याळजीकडे त्याच दिवशी उघडून घ्या, नाहीतर काट्यांवर आणि मशीनमधल्या स्टीलच्या भागांवर गंज चढतो.